सूर्योदय सात बारा

गिरणाऱ्याच्या पुढे, नाल्याच्या अलीकडे
गेटपाशी पोचलो तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती.
मी, दौलत आणि पिवळ्या पेटीतला रोव्हर.
थंडी अशी की खुंट्यांचं पोतंसुद्धा
दौलतने छातीशी धरलेलं.

रंगनाथ थेटे चष्मा पुसत आले.
नोटीस त्यांनी उभ्यानेच वाचली, मागची बाजूही,
जिथे काहीच नव्हतं.
मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले,
'सूर्योदयानंतर, सूर्यास्तापूर्वी. तुमचंच लिहिणं.'
'हो.'
'आज सूर्योदय सात बारा.'
दौलत घाईने पिशवीत उतारा शोधू लागला.
'तो नव्हे रे. कॅलेंडरातला.'

आठ मिनिटं.
दहा वर्षांच्या नोकरीत मी शिव्या खाल्ल्या,
अंगावर सोडलेली कुत्री पाहिली,
ओझरला एका बाईने मोजणीची टेप
विळ्याने कापून हातात दिली होती,
पण घड्याळ कुणी दाखवलं नव्हतं.

चहा त्यांनी गेटवरून दिला.
कडी लावलेली, कप बाहेर.
आम्ही रस्त्यावर उभे राहून फुंकर घालत प्यायलो,
आणि ते आतल्या बाजूने आमच्याकडे नाही,
आभाळाकडे बघत होते.

मग शहराच्या अंगाने उजाडलं.
द्राक्षाच्या मंडपाच्या तारा
एकेक करून दिसू लागल्या.
'या आता,' कडी काढत ते म्हणाले,
'आता तुमचा हक्क सुरू झाला.'

तसा तो हक्क मोठा आहे.
आत शिरता येतं, पातळी घेता येते,
भोक पाडून खालचा मुरूम बघता येतो,
आड आलेलं उभं पीक कापता येतं,
नुकसान जागेवर मोजून.
ओट्याशी चपला काढायच्या की नाही
हे मी दौलतच्या पायांकडे बघून ठरवलं.

नळाची रेघ मंडपातून तिरपी जात होती.
मी पंचनाम्यात लिहिलं : वेली अकरा.
'बारा,' मागून आवाज आला.
'हा वाळलाय.'
'वाळला नाही, रुसलाय.'
मी बारा लिहिलं. अक्षरातही.

बांधावर डांबावरच्या चिनीमातीच्या वाट्या
उलट्या करून त्यांत कोरफड लावलेली.
मी विचारलं नव्हतं. तेच बोलले :
'टेलिफोनात होतो. लाइनमन.
अठ्ठ्याहत्तर साली हरसूलकडे तार ओढली,
एक्केचाळीस जणांच्या रानांतून.
कागद साहेबाच्या जीपमध्ये, आम्ही रानात.
एका घरामागे बाई न्हात होती. भल्या पहाटे.
मी आधी खड्ड्याचं माप घेतलं,
मग तोंड फिरवलं.'

एवढं बोलून ते मोटर बंद करायला गेले.
मोटर बंदच होती.

दिवसभर रोव्हर टुंग-टुंग करत राहिला,
दौलत फक्की मारत राहिला,
काळ्या मातीवर पांढरी रेघ
विहिरीला वळसा घालून पुढे सरकली.
संध्याकाळी सहा सतराला एक खुंटी उरली, विहिरीमागची.
दोन मिनिटांचं काम.
थेटे काही बोलले नाहीत.
मी दौलतकडे पाहिलं,
त्याने खुंटी परत पोत्यात टाकली.
कडी लागल्याचा आवाज आम्ही रस्त्यावरून ऐकला.

पाथर्डी फाट्याला आमच्या तळमजल्याच्या मोरीत
पाणी एक दिवसाआड येतं. पाच चाळीसला.
दुसऱ्या दिवशी पाळी होती.
मी अंधारात बादली लावली.
नळ आधी खोकला, मग थुंकला,
मग कुणाच्या तरी रानाखालून निघालेलं पाणी
थेट घरात आलं,
बादली भरून सांडू लागलं.

सूर्योदयाला अजून दीड तास होता.